बरा म्हणजे नेमकं काय

“ही बाई माझं एक वाक्य धड जित्तं ठेवत न्हाय.”

सर आत स्वयंपाकघरात मल्लव्वाक्कांना सांगत होते. मधे नुसता पडदा, आणि पडद्याच्या अलीकडे मी, लॅपटॉप मांडून बसलेली. दोघं घरात एरवी कन्नड बोलतात. तक्रार मराठीत चालली होती, म्हणजे ती मला ऐकू यावी अशीच सोय होती. त्यांनी लिवलेलं एक वाक्य ही बाई घेती आणि उसागत त्याच्या कांड्या करती, असं सरांचं म्हणणं. त्यावर आक्का म्हणाल्या की कांड्या केल्याबिगार ते सायबांच्या तोंडात जायचं कसं. मग एक भांडं वाजलं आणि सर हसले.

मी काय काम करते ते सांगते. डॉक्टर लोक संशोधन करतात, ते इंग्रजीत लिहितात, जर्नलला पाठवतात, आणि बऱ्याचदा ते परत येतं. दर वेळी संशोधन वाईट असतं म्हणूनच येतं असं नाही. कधी मुख्य मुद्दा मधल्याच कुठल्या तरी पानात दडलेला असतो, कधी गोषवाऱ्यातला आकडा एक आणि तक्त्यातला दुसरा, कधी वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटापर्यंत पोचताच येत नाही. पाठवण्याआधी ते सगळं निस्तरायचं. समासात प्रश्न विचारायचे, उत्तर आलं की वाक्य सुधारायचं, कुठल्या जर्नलला पाठवावं ते बघायचं, सोबतचं पत्र लिहायचं. आपल्या मनाचं काही घालायचं नाही. अंगावरचे कपडे नीट करायचे, आतला माणूस तोच ठेवायचा.

लोक म्हणतात, शालूबाई आपली आपण शिकली. कॉलेज मी पाहिलं नाही एवढं खरं. लग्नानंतर मंगळवार पेठेत नवऱ्याच्या टायपिंगच्या दुकानात बसायला लागले, तेव्हा डॉ. रुद्राप्पा मेडिकल कॉलेजात शिकवायचे आणि आपले पेपर टाइप करून घ्यायला स्वतः यायचे. शब्द अडला की मी विचारायची आणि सर उभ्याउभ्या सांगायचे. एकदा शेजारच्या रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी मला बिलाच्या पाठीवर मूत्रपिंड काढून दाखवलं. इथनं रक्त आत जातंय, इथनं साफ होऊन भाईर येतंय, आणि घोणस चावली की हितं तुंबतंय. त्या दिवशी घरी जाऊन मी तेच नवऱ्याला शिकवलं. तो जेवत होता. अजून आठवण काढतो.

सरांचं सगळं आयुष्य त्या घोणशीच्या मागं गेलं. नेसरीकडं, चंदगडकडं ऊस तोडताना, भात कापताना माणसांना ती चावते. लस मिळाली, डायलिसिस झालं, जीव वाचला, की घरचे देवाला नारळ फोडतात आणि दवाखाना विसरतात. सरांचं म्हणणं असं की दुखणं तिथं संपत नाही. त्यातल्या काहींची मूत्रपिंडं पुढच्या वर्षा-दोन वर्षांत न बोलता खराब होत जातात. म्हणून ते त्या माणसांना पुन्हा पुन्हा तपासायला बोलवायचे, आणि कुणी आलं नाही तर एसटीत बसून आपण जायचे. निवृत्त झाल्यावरही हे थांबलं नाही. फक्त एसटीच्या जागी सोमेशची गाडी आली. सोमेश त्यांचा विद्यार्थी. आता मेडिकल कॉलेजात तोच शिकवतो.

त्या सगळ्या माणसांचा मिळून हा एक पेपर होता. सरांना त्यातून फार काही सांगायचं नव्हतं. साप चावून बऱ्या झालेल्या माणसाचं रक्त वर्षभरानं पुन्हा एकदा बघा, एवढंच. छापून आला की तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात जाऊन स्वतःच्या हातानं द्यायचा, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. मात्र एवढंच सांगायला त्यांना पंचेचाळीस पानं लागली होती. त्यांचं वाक्य म्हणजे कारखान्याला निघालेला ट्रॅक्टर. मागं दोन ट्रॉल्या, वर मोळ्या लोंबतायत, आणि वळणावर सगळी वाहतूक खोळंबलेली. दोन जर्नलांनी पेपर आत न घेताच दारातून परत पाठवला होता, आणि मग सोमेशनं तो माझ्याकडं आणला.

थंडीत मी ती पानं सोडवायला घेतली. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की प्रस्तावनेतला एक परिच्छेद शेवटच्या चर्चेत पुन्हा आलाय, शब्दाला शब्द. कॉपी करताना होतं असं, म्हणून मी तो काढला. सरांनी नवा मसुदा पाठवला त्यात तो तिसऱ्याच ठिकाणी उगवला होता. मी समासात विचारलं, हा नक्की कुठं ठेवू. उत्तर आलं, तुम्हाला योग्य वाटेल तिथे.

सरांनी आपल्या जन्मात कुणाला ‘तुम्हाला योग्य वाटेल तिथे’ असं म्हटलेलं नाही. ते उत्तर सोमेशचं होतं. या कामात माणसाचा आवाज कानात बसतो. कोण कुठं श्वास घेतो ते कळतं. त्यानंतर समासातली सगळी उत्तरं सोमेशच्या आवाजात यायला लागली, आखूड, नम्र, आणि पुढचा प्रश्न येऊ नये अशी.

फोन केला तर आक्का उचलायच्या. सरांचा घसा बसलाय. सर पूजेला बसलेत. सर आत्ताच डोळा लागून झोपलेत. घरी गेले तर आक्का सरांच्या शेजारी पावटे सोलत बसलेल्या असायच्या. बोलताबोलता सर एखाद्या नावाशी अडले की मान वर न करता आक्का ते नाव पुरवायच्या, आणि सर जणू मधे काही झालंच नाही असे पुढं जायचे. मी आणखी खोलात शिरले की आक्का उठून आत जायच्या आणि मादली घेऊन यायच्या. भाजलेल्या गव्हाच्या पिठात गूळ घातलेली ती कोरडी, भुरभुरीत मादली, वर दूध आणि तुपाची धार. वाटीभर मादली तोंडात असताना माणसाला प्रश्न विचारता येत नाही. त्या थंडीत मी अंगानं चांगलीच भरले.

आणि मी तरी काय बोलले? काही नाही. दुसऱ्यांदा आलेलं काढलं, अर्धवट राहिलेलं सोमेशकडून पुरं करून घेतलं, एका पेशंटाबद्दल दोन ठिकाणी दोन गोष्टी होत्या त्यातली तक्त्याशी जुळणारी ठेवली. पानं इतकी स्वच्छ झाली की ती वाचून, हे लिहिणाऱ्याचं काही हरवत चाललंय, असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं. सुरुवातीला मला त्याचं समाधान वाटायचं. पुढं पुढं ते राहिलं नाही. सोमेश त्यांना हाताला धरून चालवत होता, आक्का त्यांना शब्द देत होत्या, मी वाक्यं देत होते. तिघांनी मिळून एक माणूस उभा ठेवला होता आणि तिघंही एकमेकांशी हवापाण्याचं बोलत होतो.

मला एकच लागून राहिलं होतं. हा पेपर छापून यायला हवा होता. आणि हातात घेतल्यावर ‘ह्यो माझा’ असं सरांना म्हणता येतंय तोवर यायला हवा होता.

पेपर तिसऱ्या जर्नलला गेला आणि या खेपेला दारातून परत आला नाही. जर्नलच्या दोन तज्ज्ञांनी तो वाचला. पहिल्यानं लिहिलं होतं की विषय महत्त्वाचा आहे आणि लेखन स्वच्छ, सुटसुटीत आहे. सरांनी ते आक्कांना मराठीत करून वाचून दाखवलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू ट्रॉल्या सोडून घ्यायची कल्पना मूळची त्यांचीच होती. दुसऱ्या तज्ज्ञानं मात्र प्रश्न काढले होते. हा दुसरा माणूस प्रत्येक पेपरच्या नशिबात असतो. डॉक्टर मंडळी त्याला शिव्या घालतात. मला तो आवडतो. नीट वाचलेलं असतं त्यानं.

बाकीचे प्रश्न आम्ही सोडवले. एक राहिला, तो असा: आपल्या तक्त्यात रुग्ण ‘बरा झाला’ असा एक रकाना आहे. बरा झाला हे कोणत्या निकषावर ठरवले ते कृपया स्पष्ट करावे.

साधा प्रश्न होता, आणि सगळा पेपर त्याच रकान्यावर उभा होता. बरी म्हणून घरी पाठवलेली किती माणसं पुढं बिघडली, हेच तर सांगायचं होतं. आता हा रकाना भरला कसा, ते सोमेशनं मला सांगितलं. पेशंट आला की सर त्याला चपला काढायला लावायचे. सूज बघायला नडगीवर अंगठा दाबायचे. जीभ बघायचे, रक्ताचा कागद बघायचे, लघवी किती होते, रात्री झोप लागते का, रानात जातोस का, बायको काय म्हणती, असं बोलत राहायचे. मग सोमेशकडं वळून म्हणायचे, बरा. किंवा म्हणायचे, न्हाय. सोमेश कॉम्प्युटरात टिक करायचा. सरांचा अंदाज चुकत नाही हे साऱ्या कॉलेजला माहीत, त्यामुळं तो अंदाज कशानं बांधता असं त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं. सोमेशनंही नाही.

म्हणून मी विचारायला गेले. सरांनी लगेच सांगितलं, तीन महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल आलं की बरा. मूत्रपिंड कसं चालतंय ते त्यावरून कळतं. सोपं होतं. मी त्याचं इंग्रजी केलं, चांगलं झालं. संध्याकाळी सोमेशनं आकडे ताडून बघितले. जुळेनात. क्रिएटिनिन वाढलेली कितीतरी माणसं सरांनी बरी म्हटली होती. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. सर म्हणाले, डायलिसिस सुटलं की बरा, त्यात इचारायचं काय. तेही इंग्रजीत चांगलं झालं. तेही जुळेना. तिसऱ्या खेपेला म्हणाले, गडी परत ऊस तोडायला गेला की बरा, बाकी कागद काय बी म्हणूद्यात. याचं इंग्रजी तर सगळ्यात देखणं झालं, मलाच वाचताना भरून आलं. आकड्यांशी त्याचाही मेळ नव्हता.

एकाच प्रश्नाची तीन उत्तरं लॅपटॉपवर शेजारी शेजारी ठेवली. तिन्ही ठाम, तिन्ही गोळीबंद. कुठलंही पाठवलं असतं तरी जर्नलनं घेतलं असतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या इंग्रजीची भीती वाटली.

मी सोमेशला दुकानावर बोलावलं. समोर चहा ठेवला आणि तिन्ही उत्तरं त्याच्यापुढं सरकवली. त्यानं ती वाचली. मग त्यानं नेसरीची गोष्ट सांगितली. मागच्या दिवाळीच्या सुमाराची. पिराजी म्हणून एक पेशंट, म्हातारा गडी. सरांनी त्याला तपासलं, बरा म्हणाले, चहा झाला. आणि चहानंतर सरांनी त्याला पुन्हा समोर बसवलं, चपला काढायला लावल्या, नडगीवर अंगठा दाबला, बायको काय म्हणती ते विचारलं. तितक्याच मायेनं. पिराजीनं सोमेशकडं एकदा बघितलं. मग त्यानं सगळी उत्तरं दुसऱ्यांदा दिली, पहिल्यांदाच देत असल्यासारखी. सोमेश म्हणाला, ताई, दुसऱ्या खेपेला सर त्याला बरा न्हाय म्हणाले.

मग तो म्हणाला, सरांचं पहिलंच उत्तर जर्नलला पाठवून देऊ का? कोण बघायला येणार आहे? मला त्याचा राग आला नाही. ते माझ्याही मनात येऊन गेलं होतं. पण उद्या नेसरीच्या दवाखान्यातला एखादा डॉक्टर आमचा तो निकष हातात धरून माणसं बरी ठरवणार, आणि त्यातलं एखादं घरी जाऊन सुजत बसणार. ज्याच्यासाठी सरांनी एवढ्या एसट्या बदलल्या, तोच माणूस.

वाट नव्हती असं नाही. रक्ताचे सगळे रिपोर्ट कॉम्प्युटरात होते. सरांचा रकाना बाजूला ठेवायचा, नुसत्या रिपोर्टांवरून सगळी माणसं नव्यानं वेगळी करायची, आणि एका वाक्यात सांगून टाकायचं की डॉक्टरांनी तपासून ठरवलेला मूळ निकष आता सांगता येत नाही, म्हणून तो वापरलेला नाही. सोमेशनं त्याप्रमाणं आकडे काढून आणले. निष्कर्ष थोडा बारीक झाला होता, पण उभा होता. वर्षभरानं रक्त बघायलाच हवं, हे तसंच निघत होतं.

राहिलं ते वाक्य. सगळ्या लेखकांनी मान्य केल्याशिवाय जर्नल काही घेत नाही, आणि पहिलं नाव सरांचं. ते वाक्य त्यांना दाखवायचं म्हणजे ‘आता सांगता येत नाही’ हे का, ते बोलायचं. सोमेश म्हणाला, तुम्ही सांगा, तुम्ही बाहेरच्या आहात. मी म्हणाले, तू सांग, तू घरचा आहेस. मग आमचं दोघांचं एकमत झालं की आक्कांनीच सांगावं.

रविवारी सकाळी दोघं गेलो. सर अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी आधी आत गेले. आक्का भाकरी थापत होत्या. मी हळू आवाजात सगळं सांगितलं, ते वाक्य मराठीत करून सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

“त्येंच्या नावाखाली असं लिवनार तू?” त्या म्हणाल्या. “साऱ्या जगानं वाचायला?”

मी म्हणाले की वाचणाऱ्याला त्यात काही वावगं दिसणार नाही, पेपरांत असं लिहितात. जे खरं आहे ते लिहिलं की उलट मान राहतो. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि बोटं पोळेपर्यंत हात तव्यावरच ठेवला. मग म्हणाल्या, जा बस भाईर, आले.

बाहेर सोमेश सरांना गाडीच्या टायरबद्दल काहीतरी सांगत होता. मी लॅपटॉप उघडला. आक्का येऊन सरांच्या शेजारी टेकल्या, रिकाम्या हातांनी. सोमेशनं मला खुणावलं, मी त्याला. शेवटी सरांनीच विचारलं, त्या दुसऱ्या पावण्याचं काय राह्यलंय अजून, वाचा बघू. मी तो प्रश्न वाचून दाखवला. चौथ्यांदा.

सरांचा चेहरा उजळला. ते पुढं सरकून बसले, वर्गात बसायचे तसे. सोपं हाय, म्हणाले, लिवून घ्या. पेशंटाला आधी बसवायचं, घाई करायची न्हाय. चपला काढायला सांगायच्या, कारण चपलेच्या पट्ट्याचा वळ किती खोल उठलाय त्यावरनंच निम्मं कळतंय. मग नडगीवर अंगठा दाबायचा आणि मनात आकडे म्हणायचे. आवाज पूर्वीचाच होता, रसवंतीच्या बाकावरचा. माझी बोटं आपोआप चालू लागली. सोमेशही वही काढून लिहायला लागला. क्षणभर मला वाटलं की आता येणार, खरं उत्तर आता आतून वर येतंय.

“अंगठा काढला, आणि खड्डा भरून आला,” सर म्हणाले, “की मग…”

ते थांबले. स्वतःचा लेंगा थोडा वर करून त्यांनी आपल्याच नडगीवर अंगठा दाबला. उचलला. बघत राहिले. पुन्हा दाबला.

मग नेहमीसारखं त्यांनी आक्कांकडं बघितलं.

आक्कांच्या ओठांची हालचाल झाली. काहीही चाललं असतं, एखादा शब्द, एखादं नाव, कन्नडमधला नुसता हुंकार, सर ते धरून पुढं गेले असते आणि आम्ही लिहून घेतलं असतं. आक्कांनी डोळे मिटून घेतले आणि काही दिलं नाही. फक्त सरांचा नडगीवरचा तो हात त्यांनी आपल्या हातात घेतला. पोळलेली बोटं लाल दिसत होती.

खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. सोमेशनं वही मिटली. मी बोटं बटणांवरून उचलून मांडीवर ठेवली.

सरांनी आमच्या तिघांकडं आळीपाळीनं बघितलं, तपासणीला आलेल्यांकडं बघायचे तसं, सावकाश, घाई न करता. सर्वांत शेवटी माझ्याकडं.

“मला आठवत न्हाय, शालूबाई,” ते म्हणाले. “लई दिस झाले, आठवत न्हाय. तुमी तसंच लिवा.”